पाचव्या पानावरचं पत्र

सिस्टरला निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी तिला सगळे अजून सिस्टरच म्हणत. खरं नाव आता मतदारयादीत तेवढं उरलं होतं. अडतीस वर्षं सरकारी इस्पितळात जखमा धुण्यात गेली. मग घरी बसून भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा तिने चर्चमागचा जुना हॉल तिथल्या ख्रिस्ती मंडळीकडून मागून घेतला, चार नळ बसवले, पाणी तापवायला बंब आणला आणि रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी सकाळची आंघोळ सुरू केली. सात ते अकरा. आंघोळ झाली की ती एकेकाला बाकावर बसवायची, त्याचे पाय तसराळ्यात घ्यायची, नखं कापायची, भेगांना मलम लावायची. पाळकसाहेब एकदा कौतुकाने म्हणाले की प्रभूने बारा जणांचे पाय धुतले, तुम्ही तर रोज चाळीस जणांचे धुता. त्यावर ती म्हणाली, "त्याच्याकडे बंब नव्हता."

अशी बाई. बोलायला फटकळ, कामाला वाघ, आणि आपण करतो ते बरोबरच, याबद्दल मनात तीळभर शंका नाही. शंका नसणं चांगलं की वाईट, ते पुढे कळेलच.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चार वाजता ती हॉलमागच्या गल्लीत वेतकाकांकडे जायची. वेतकाका तिच्या वडिलांचे मित्र. जन्मापासून आंधळे, वय अठ्ठ्याहत्तर, आणि वेताच्या खुर्च्या विणण्यात त्यांचा हात धरणारं शहरात कोणी नव्हतं. चर्चमधल्या साठही खुर्च्या त्यांनीच विणलेल्या. ते चर्चचे नव्हते, कुठलेच नव्हते. "तुमच्या देवाला माझ्या खुर्चीवर बसणारे भक्त मिळाले, माझं तेवढं नातं पुष्कळ," असं म्हणायचे. सिस्टर त्यांना पेपर वाचून दाखवायची, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. साठी ओलांडलेल्या बाईला 'पोरी' म्हणणारं जगात आता तेवढं एकच माणूस राहिलं होतं.

पण या वाचण्यात एक खोट होती. सिस्टर गाळायची.

पहिल्यांदा गाळलं ते दयेपोटी. काकांच्या ओळखीचे एक सुतार वारले होते आणि त्या दिवशी काकांना ताप होता. तिने ती बातमी सोडून पुढची वाचली. मग एखादा भयंकर अपघात गाळला, मग कुणाच्या लेकराची हकीकत गाळली. सवय अशी लागते. पुढे हॉलबद्दल पेपरात कुणीकुणी तक्रारी लिहू लागलं, तेव्हा त्यांच्याकडेही तिने सरळ कानाडोळा केला. वाचकांची पत्रं पाचव्या पानावर यायची. गेल्या थंडीत तिथे एक पत्र आलं, खाली सही म्हणून फक्त 'गल्लीतला एक रहिवासी'. सुरुवात होती: 'परक्यांची सेवा करणाऱ्यांनी कधी शेजाऱ्यांकडेही बघावं.' तेवढं वाचूनच सिस्टरच्या मस्तकात तिडीक गेली. आपण रोज पहाटे उठून मरमर मरायचं आणि यांनी गादीवर बसून पत्रं लिहायची! ती मनातल्या मनात तिथेच थांबली आणि मोठ्याने हवामानाचा अंदाज वाचायला लागली.

"पाचवं पान झालं?" काकांनी विचारलं होतं.

"झालं की."

"पत्रं नव्हती आज?"

"होती. रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल. नेहमीचंच."

काकांनी उजवा हात शालीत ओढून घेतला. तो हात दुखतो असं ते पंधरा दिवसांपूर्वी म्हणाले होते, खाटेवरून उतरताना मुरगळला म्हणे. त्या दिवशी बंब बिघडला होता आणि सिस्टरचं डोकं तिकडेच होतं. "शेकत जा, काका," असं म्हणून तिने पेपर उघडला होता. तेव्हापासून कोपऱ्यातली एक खुर्ची अर्धी विणलेली तशीच पडून होती. काकांचं वय झालं, असं सिस्टरने आपलं आपण ठरवून टाकलं.

वाचून झालेला पेपर ती हॉलवर नेऊन तसराळ्याखाली अंथरायची. ते पान मात्र तिच्याने पायाखाली घालवेना आणि फेकवेनाही. घडी करून तिने ते बँडेजच्या खणात टाकलं. पुन्हा उघडून पाहिलं नाही.

मग वॉर्डाची निवडणूक आली. उभे पाच जण, पण खरी झुंज दोघांतच. किटली चिन्हाच्या मास्तरीणबाई हॉलच्या बाजूने होत्या. शिडी चिन्हाचा कंत्राटदार उघड म्हणत होता की निवडून आलो तर महिन्याभरात ती आंघोळ बंद करतो. हॉलची जागा मंडळीची असली तरी नळाचं पाणी नगरपालिकेचं होतं, त्यामुळे ते तोडणं नगरसेवकाच्या हातात होतं. सिस्टरने आयुष्यात पहिल्यांदा दारोदार फिरून मतं मागितली. तिचा थोरला भाऊ मंडळीचा चिटणीस. तो रोज संध्याकाळी यादी घेऊन बसायचा आणि नावांपुढे खुणा करायचा.

"वेतकाका आपलेच," असं म्हणत त्याने खूण केली. "त्यांना घेऊन तूच जाणार ना? मग प्रश्नच नाही. शिक्का तर तुझ्याच हातात."

"दादा, भलतंच काय बोलतोस!"

"अगं, गंमत केली," दादा म्हणाला. पण खूण त्याने पक्क्या शाईने केली होती.

मतदानाच्या दिवशी दुपारी बारा वाजता सिस्टर काकांना घेऊन शाळेत पोचली. रांग मोठी होती, पण लोकांनी काकांना पुढे जाऊ दिलं. टेबलामागच्या अधिकाऱ्याने विचारलं, "सोबती कोण?"

"ही," काका म्हणाले. "माझी वाचणारी."

अधिकाऱ्याने एक कागद पुढे केला आणि रोजचं पाठ असल्यासारखं म्हणून दाखवलं: मतदार सांगेल तिथेच शिक्का मारीन, आणि त्याने कुणाला मत दिलं ते कुणालाही सांगणार नाही. सिस्टरने सही केली. इस्पितळात तिने अशा हजारो सह्या केल्या होत्या. दोघं पुठ्ठ्याच्या आडोशाआड गेली. काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मार तू. मी बघत नाही," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर जरासे हसले. मग तिच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "शिडी."

सिस्टरला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"शिडी, पोरी. तिसरं चिन्ह असेल बघ."

तिने मतपत्रिका सपाट केली. हातातला शिक्का शाईने ओला होता. किटली दुसऱ्या रांगेत होती, शिडी तिसऱ्या. मध्ये बोटभर अंतर. काकांना कधीही कळणार नव्हतं, अधिकाऱ्याला दिसत नव्हतं, आणि दादाने तर आधीच खूण करून ठेवली होती. तिला बाकावरचे चाळीस जण दिसले. तो लंगडा हमाल, ज्याच्या टाचेतली जखम आता कुठे भरत आली होती. ती म्हातारी, जी केस धुवून दिल्यावर रडायची. या सगळ्यांच्या बाजूने एक शिक्का, त्यात पाप ते काय? तिने मनात प्रभूला विचारलं. तो गप्प राहिला. अशा वेळी तो गप्पच असतो, हा तिचा जुना अनुभव होता.

आठवली ती इस्पितळाच्या वॉर्डातली गोष्ट. नवी नवी असताना मोठ्या सिस्टरने तिचं मनगट धरून सांगितलं होतं: ज्याच्या नावाची गोळी त्याच्याच तोंडात. शेजारच्या खाटेवर तुझी आई निजलेली असली तरी.

तिने शिडीवर शिक्का मारला. फुंकर घालून शाई वाळवली, घडी केली, आणि घडी काकांच्या हातात दिली. पेटीत त्यांनीच टाकली. बाहेर आल्यावर तिला राग आला होता, अगदी खरा, डोळ्यांत पाणी आणणारा. आपल्या बापाच्या मित्राने असं करावं! तिने काकांना दारात सोडलं आणि ती वळली.

शिडी एकोणीस मतांनी आली. दादाने यादी पुन्हा पुन्हा तपासली. "काकांचं तरी एक पक्कं होतं," तो म्हणाला आणि त्याने बहिणीकडे पाहिलं. तिने सही केली होती, त्यामुळे तिला खरं सांगता येत नव्हतं. ती मूग गिळून बसली आणि दादाला ते दुःख वाटलं.

निकालानंतरचा पहिला वाचनाचा दिवस शुक्रवार होता. जायचं की नाही, यावर सिस्टरने दुपारभर स्वतःशी भांडण केलं. चाळीस परक्यांचे पाय आपण न विचारता धुतो, त्यांतला कोण चोर, कोण दारुडा, कधी पाहत नाही. मग एका म्हाताऱ्याने आपल्या मनाविरुद्ध मत दिलं म्हणून त्याचा पेपर बंद करायचा? असली सेवा काय कामाची? चारला पाच मिनिटं कमी असताना ती उठली. उठता उठता तिने बँडेजचा खण उघडला आणि ती जुनी घडी पिशवीत घातली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. हॉल तर गेलाच होता. निदान आता काही गाळायचं नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

काका दाराकडे तोंड करून बसले होते. "मला वाटलं, येणार नाहीस."

"शुक्रवार आहे ना," ती म्हणाली. आवाज कोरडाच होता.

तिने पेपर उघडला आणि पहिल्या पानावरची बातमी वाचली. नव्या नगरसेवकाची पहिली घोषणा, हॉलचं पाणी पंधरा दिवसांत तोडणार. तिने शब्दन् शब्द वाचला. त्याचं अभिनंदन करणारी पत्रंही वाचली. मग पेपर मांडीवर ठेवला.

"काका, मला एक कबूल करायचंय. मी तुम्हाला पेपर पूर्ण वाचून दाखवत नव्हते. गाळायची. हॉलबद्दलचं सगळं गाळलं."

"ठाऊक आहे. तुझा श्वास अडकायचा तिथे," काका म्हणाले. "थंडीत एक पत्र आलं होतं. पाचव्या पानावर."

"आणलंय मी."

"वाच."

तिने घडी उघडली. कागद पिवळा पडला होता. "'परक्यांची सेवा करणाऱ्यांनी कधी शेजाऱ्यांकडेही बघावं. चर्चमागच्या हॉलमधलं आंघोळीचं पाणी रोज सकाळी आमच्या गल्लीत येतं. साबणाचा बुळबुळीत थर बारापर्यंत दारात असतो आणि दुपारी चारपर्यंत वाळून जातो, त्यामुळे पाहायला येणाऱ्याला काही दिसत नाही. काम चांगलं आहे. ते बंद करा असं माझं म्हणणं नाही. फक्त एक गटार बांधा. गेल्या आठवड्यात दूध आणायला निघालेला एक म्हातारा...'"

तिने काकांच्या शालीकडे पाहिलं. पुढची ओळ काकांनी म्हटली. पाठ होती त्यांना.

"'...एक म्हातारा इथे घसरून पडला, आणि ज्या हातावर त्याचं पोट होतं तो हात मोडला.'"

कोपऱ्यात ती अर्धी खुर्ची होती. तिच्या कडेला वेताच्या पट्ट्या सुकून वर वळल्या होत्या.

"कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून लिहून घेतलं," काका म्हणाले. "म्हटलं, तूच वाचशील मला. तुझ्याच तोंडाने तुला कळेल, मला सांगावं लागणार नाही. आठ दिवस वाट पाहिली. त्या शुक्रवारी छापून आल्याचं त्यानेच सांगितलं. तू हवामान वाचलंस."

"मला सांगायचं होतं ना, काका! एका शब्दाने सांगायचं होतं!"

"कसं सांगू? दारातून शिरलीस की आज कुणाचे पाय धुतले ते सांगत यायचीस. त्यात मी माझं रडगाणं कुठे घालू? आणि रागावून यायची थांबलीस तर मला वाचून कोण दाखवणार?" त्यांनी तोंड वळवलं. "तो शिडीवाला गल्लीत सकाळी आठ वाजता येऊन उभा राहिला. त्याचेही बूट भिजले. एवढंच केलं त्याने. बाकी कुणी आठ वाजता आलंच नाही."

सिस्टरला तोंडात मारल्यासारखं झालं. सकाळी आठ वाजता ती भिंतीच्या पलीकडेच असायची, गुडघ्यांवर बसून, कुणाच्या तरी टाचेला मलम लावत. आणि ते पाणी ती स्वतःच्या हाताने मोरीत ओतत होती. रोज चाळीस तसराळी.

"हात दाखवा," ती म्हणाली.

"आता काय त्याचं. जुळलं ते कसंही."

"दाखवा, काका."

त्यांनी शालीतून हात काढला. मनगटाशी हाड वाकडं बसलं होतं, इतकं की नवशिक्या नर्सलाही दारातून दिसावं. तिने तो हात दोन्ही हातांत घेतला. अडतीस वर्षं आणि पाच वर्षं तिने शहरभरचे हातपाय हाताळले होते, आणि आठवड्यातून दोनदा या हातासमोर बसून पेपर वाचला होता.

"मला माफ करा," ती म्हणाली. हे तिने चर्चमध्ये दर रविवारी म्हटलं होतं, सगळ्यांबरोबर, पुस्तकात बघून. माणसाच्या तोंडावर म्हणायची ही पहिलीच वेळ होती.

काकांनी दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "उरलेला पेपर वाच, पोरी."

तिने हात सोडला नाही. पेपर एका हाताने उचलला, आणि हवामानाच्या अंदाजापर्यंत काही न गाळता सगळं वाचलं.