एकच बियाणं

फुलसिंगनं सोयाबीनचं पोतं पुन्हा काट्याला अडकवलं. काटा पुन्हा तिथंच थांबला.

"काटा बिघडला असन," तो म्हणाला.

"नाही काका," वैभवी हसली. "जमीनच तशी आहे."

वैभवी कृषी महाविद्यालयात शिकत होती. मानोरा गावाजवळच्या फुलसिंगच्या शेतात पुढच्या वर्षी तिला सोयाबीनचे वेगवेगळे वाण पेरून पाहायचे होते. त्याआधी जमिनीतला फरक कळावा म्हणून यंदा सगळीकडे एकच बियाणं, एकच खत. पेरणीही एकाच हाताची हवी, म्हणून तिफण फुलसिंगनं स्वतः धरली होती. तरी थोरल्या मुलाच्या, राजपालच्या वाट्याचं पीक धाकट्या करणच्या निम्मंच भरलं.

"वरून सारखीच काळी दिसते," वैभवी म्हणाली, "पण राजपालभाऊंकडे वीतभर खाली नुसता मुरूम आहे. हे कळलं नसतं, तर चांगल्या वाणालाच मी नावं ठेवली असती."

फुलसिंगचं आयुष्य ऊसतोडीत गेलेलं. शेत घेतलं ते उतारवयात, आणि लगेच पोरांना वाटूनही दिलं. तेव्हापासून दर सुगीला तो राजपालला ऐकवत आला होता, 'करणकडे पाह्य जरा. तू आळशी तो आळशीच.' राजपाल खाली मान घालून ऐकून घ्यायचा.

आताही तो खाली मान घालूनच पोती शिवत होता. फुलसिंग त्याच्याजवळ जाऊन बसला.

"वाटणीच्या वक्ती वरची बाजू तूच मांगली होती."

"हो."

"सडकेजवळ हाय म्हणून मांगली, असं वाटलं मले."

राजपालनं सुतळीला गाठ मारली. "वाटणीच्या आधी वरच्या बाजूले म्या गोठ्याच्या खांबाले खड्डे खंदले होते ना, बा. तवाच मुरूम लागला होता."

"मंग बोलला काहून नाही?"

बांधापलीकडे करण बायकोला चिडवत सोयाबीनचा भुसा भरत होता. राजपालनं तिकडे पाहिलं.

"त्याचं नवंनवं लगन झालं होतं," तो म्हणाला. "त्याले सांगू नका."

फुलसिंगनं हात पुढे केला.

"दाभण इकडं दे. राह्यलेले पोते मी शिवतो. तू जाऊन सावलीत पड जरा."

राजपाल उठला, आणि खरंच पळसाखाली जाऊन आडवा झाला.