लेकीच्या कॉम्प्युटरचं माप

“मीटरनं मिळत नाही का?” मास्तरांनी विचारलं.

बोर्डवाल्यानं मान वर करून पाहिलं. दुकानांच्या पाट्या बनवण्यात त्याची पंधरा वर्षं गेली होती, पण ॲक्रिलिक मीटरवर मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलं होतं. मास्तर तोवर भिंतीला टेकवलेल्या शीटचा कोपरा चिमटीत धरून पोत बघत होते. चाळीस वर्षं कापडात काढलेला हा टेलर, समोर काहीही आलं तरी आधी हात लावून बघणार.

“काका, आठ बाय चारची अख्खी शीट घ्यावी लागते. तुकडे विकत नाही आम्ही.”

“मला सहाच तुकडे हवेत. कॉम्प्युटरच्या डब्याला.”

“मग तयार डबा घ्या की. शीटपेक्षा स्वस्त पडेल.”

“तयार नको,” मास्तर म्हणाले. आयुष्यभर तयार कपड्यांच्या नावानं बोटं मोडलेला माणूस दुसरं काय म्हणणार? पण शीटची किंमत ऐकून त्यांनी कोपरा हळूच सोडून दिला.

खरं कारण त्यांनी बोर्डवाल्याला सांगितलं नाही. लेक रविवारी येणार होती, एका दिवसासाठी. नोकरीनिमित्त ती परदेशी निघाली होती आणि तिला घरातली काही कागदपत्रं हवी होती. ती शोधताना बायकोला लेकीची जुनी वही सापडली. वहीत पेन्सिलनं काढलेला एक डबा होता, सहाही बाजूंनी पारदर्शक, शेजारी नीट लिहिलेली मापं. खाली लिहिलं होतं, ‘ॲक्रिलिक, तीन मिमी. बाबांना विचारणे.’

तिनं विचारलं होतं. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. शिकवण्या घेऊन, जुने भाग जमवून तिनं घरीच कॉम्प्युटर जोडला होता. “आत काय चाललंय ते दिसलं पाहिजे, बाबा,” ती म्हणाली होती. मास्तर मशीनवर होते. पाय न थांबवता ते म्हणाले, “आतलं बघून काय करायचंय? चालतोय ना?” ती दुकानातलं अस्तराचं रिकामं खोकं घेऊन गेली आणि कॉम्प्युटर त्यात बसवला. पुढची तीन वर्षं तो पुठ्ठ्यातच चालला. ती शहर सोडून गेल्यावर खोकं कपाटावर चढलं.

भांडण असं काही झालंच नाही. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. लेकीचा फोन आईला यायचा, तासभर चालायचा, आणि शेवटी आई म्हणायची, “घे, बाबांशी बोल.” मग हे म्हणायचे, “बरी आहेस ना?” ती म्हणायची, “हो. तुम्ही?” हे म्हणायचे, “मजेत,” आणि फोन परत आईकडे. अकरा वर्षं हेच चाललं होतं. बायकोचं हसणं, तिचं ‘अय्या, मग?’ हे मास्तर कटिंगच्या टेबलापाशी उभे राहून ऐकत, आणि त्यांना वाटे, एवढं काय बोलत असतील या दोघी? आपल्याला का नाही सुचत?

चार दिवस उरले होते. फ्रेमवाल्याकडची शीट इतकी पातळ निघाली की उचलली की वाकायची. भंगारात मिळालेली पिवळी पडली होती आणि मास्तरांनी नुसतं टिचकी मारून पाहिलं तर कोपऱ्यातून तडकली. संध्याकाळी तोंड पाडून घरी आले तेव्हा बायको म्हणाली, “अहो, पोरीला स्वेटर घ्या चांगला. तिकडे थंडी असते.”

“स्वेटर तू घे,” मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी औषधवाला पँट आखूड करायला आला. त्याचं माप घेता घेता मास्तरांचं लक्ष चुकलं, टाचणी टोचली, आणि माफी मागताना सगळी हकीकत तोंडातून बाहेर पडली. औषधवाला हसायला लागला.

“साथीच्या वेळी काउंटरवर पडदे बसवले होते ना आम्ही, ते माळ्यावर पडलेत. तेच ॲक्रिलिक आहे, मास्तर. माझी बायको रोज म्हणते, फेकून द्या.”

“काय घ्याल?”

“दोन पांढरे कोट शिवून द्या. विषय संपला.”

दोन मोठे पडदे निघाले. पुसल्यावर लख्ख झाले. फक्त तोंडाच्या उंचीवर थोडे ओरखडे होते आणि खाली, औषधं द्यायला कापलेली अर्धगोल खिडकी. आता मास्तरांच्या अंगात आलं. कमी कापडात शर्ट बसवणं हा त्यांच्या डाव्या हातचा मळ. खाकी कागदावर सहा बाजूंचे साचे कापले, पडद्यांवर मांडले, फिरवले, पुन्हा मांडले. ओरखडे टाळले, आणि अर्धगोल बरोबर मागच्या बाजूला आणला, तिथून वायरी बाहेर काढायच्या होत्याच. खाली बसून आपल्याच मांडणीकडे ते कौतुकानं बघत राहिले.

साचे घेऊन ते बोर्डवाल्याकडे गेले. मास्तरांनी नवी शीट घेतली नाही म्हणून त्यानं तोंड वाकडं केलं, पण मशीनवर बिनचूक कापून दिलं आणि चिकटवायचं पातळ द्रावणही दिलं. घरी सगळे तुकडे उभे करून पाहिले तर डबा वहीतल्यापेक्षा चांगला इंचभर मोठा. मास्तरांनी टेप लावली, वही पाहिली, परत टेप लावली. मग डोक्याला हात लावला. प्रत्येक साच्याला चारी बाजूंनी त्यांनी शिवणीचा अर्धा इंच जास्त ठेवला होता. हात सवयीनं चालला होता.

“अहो, याला कुठे शिवण घालणार होतात?” बायको हसून हसून खाली बसली.

परत कापायला बोर्डवाल्याला दोन दिवस हवे होते, आणि रविवार उद्यावर आला होता. मास्तरांनी झाकणाची बाजू सोडून तसाच चिकटवला. कडेनं द्रावण सोडताना त्यांचा हात जराही हलला नाही.

लेक सकाळी आली, संध्याकाळी जाणार होती. आईच्या गळ्यात पडली, बाबांना वाकून नमस्कार केला. टेबलावरचा डबा पाहून ती दारातच थबकली. जवळ गेली. मग कडेवरून बोट फिरवत म्हणाली, “मोठा झालाय.”

“शिवणीची जागा ठेवली गेली,” मास्तर म्हणाले.

ती हसली, पण डोळे पुसत. “बाबा, हा मला नेता नाही येणार.”

“नेण्यासाठी नाही केला,” मास्तर म्हणाले. खोटं बोलले. तो ती नेईल, परक्या देशातल्या खोलीत ठेवेल, हे त्यांनी चार दिवस मनात पाहिलं होतं.

तरी तिनं बाह्या मागे सारल्या आणि खोकं कपाटावरून खाली घेतलं. सगळे भाग त्या सैल डब्यात बसवले, वायर लावली. पंखा गरगरला. हिरवा दिवा लागला. मास्तर खुर्ची ओढून शेजारी बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, “हे काय असतं गं?”

“ही हार्ड डिस्क. तुमचं कपाट समजा, सगळी ठाणं यात रचलेली. आणि ही रॅम. ही तुमचं कटिंगचं टेबल. हातातलं काम तेवढं यावर काढायचं. टेबल मोठं, तर काम भराभर.”

“आणि लाइट गेली तर?”

“टेबल रिकामं. कपाटातलं तसंच राहतं.”

मास्तर विचारत गेले, ती सांगत गेली. बायको आतून दोनदा हाक मारून गेली, कुणी उठलं नाही. मग गाडी आली. बॅगा चढल्या, आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं.

पंधरा दिवसांनी औषधवाला कोट न्यायला आला. टेबलावरचा डबा पाहून त्यानं विचारलं, “हे काय काय आहे हो आत?” मास्तरांनी कोटाची घडी घालता घालता सगळं सांगितलं. कपाट कुठलं, टेबल कुठलं, लाइट गेल्यावर काय राहतं नि काय जातं. कुठेही अडले नाहीत. औषधवाला तोंडात बोट घालून ऐकत होता.

तो गेल्यावर मास्तरांनी घड्याळ पाहिलं. तिकडे आता सकाळ झाली असेल, ती उठली असेल. त्यांनी बायकोचा फोन घेतला आणि पहिल्यांदाच आपण होऊन नंबर लावला.

“काय झालं? आई बरी आहे ना?” लेक घाबरून म्हणाली.

“बरी आहे, बरी आहे. अगं, एक विचारायचं होतं. ती रॅम म्हणजे काय म्हणाली होतीस? माझ्या काही लक्षात राहिलं नाही बघ.”

“अहो बाबा,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातली धास्ती गेली, “तुमचं कटिंगचं टेबल आहे ना…”

“हं,” मास्तर म्हणाले, आणि स्टूल ओढून बसले.