आक्काचं पुसट गोंदण

माघातलं कोवळं ऊन प्रयोगशाळेच्या खिडकीतून आत आलं, की मला अजून आक्काचा उजवा हात दिसतो. हिरव्या काकणांच्या वर, सावळ्या त्वचेत जेमतेम उरलेलं तुळशीवृंदावनाचं गोंदण. त्या हाताबरोबर भाजलेल्या नाचणीचा वास येई आणि स्पिरिटनं कोंदलेली आमची सांगलीची खोली घटकाभर स्वयंपाकघर होऊन जाई.

आक्का मेढ्याकडची. सत्तरचं दशक सरत आलं होतं, आणि तिची धाकटी बहीण हौसा आमच्या रुग्णालयात खिळून होती. हाडांतला मगज रक्त घडवेनासा झाला होता. वाहतं रक्त थांबवणाऱ्या सूक्ष्म चकत्या, प्लेटलेट्स, तिच्या अंगी उरल्याच नव्हत्या. हिरड्या पाझरत, कातडीखाली निळे डाग उमटत. दुसऱ्याच्या प्लेटलेट्स दिल्या, तर तिचं शरीर त्या तासाभरात संपवून टाकी. माणसाच्या पेशींवर आईबापांकडून आलेल्या काही खुणा असतात. त्यांतल्या एका खुणेशी हौसाच्या रक्ताचं वैर जडलं होतं. मुंबईहून तपासणीचा निकाल आला, आणि नेमकी तीच खूण आक्काच्या रक्तात निघाली.

"जुळत नाही, आक्का," मी म्हटलं.

"आवं डागदरीणबाई, एका ताटात जेवलोय आमी. न जुळाया काय झालं?" आणि तिनं हात पुढं केला तो मागं घेतलाच नाही. भारी हट्टी बाई!

ते गोंदण दोघींनी औंधच्या जत्रेत एकाच गोंदणारिणीकडून, एकाच दिवशी करून घेतलेलं. हौसाच्या हातावर काळंभोर, आक्काच्या हातावर विरलेलं. दोन हात शेजारी पाहताना मला आठवलं, मुंबईची तपासणी पांढऱ्या पेशींवरची होती. प्लेटलेट्सवर तीच खूण कुणाच्यात ठसठशीत असते, तर कुणाच्यात अगदी फिकट. मग आक्काच्या प्लेटलेट्स हौसाच्या रक्तरसात मिसळून पाहिल्या. वैर जागं झालं नाही.

आक्काचं रक्त काढायचं, प्लेटलेट्स वेगळ्या करून हौसाला द्यायच्या, उरलेलं तांबडं रक्त तिलाच परत द्यायचं, असं आमचं चाले. "लोणी काढून घ्येता आन् ताक मला व्हय?" ती खळखळून हसे. हौसाच्या हिरड्या पाझरायच्या थांबल्या त्या सकाळी मात्र ती भिंतीकडं तोंड करून रडली. पुढं औषधांनी मगज जागा झाला, आणि चैत्रात हौसा आपल्या पायांनी मेढ्याला गेली.

आक्का जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. हौसा अजून दर माघात नाचणीची भाकरी घेऊन येते. मेल्यावर गोंदण तेवढं संगं येतं, असं बायका म्हणतात. यंदा ती म्हणाली, "आक्काचं लय पुसट व्हतं वो. तिथं तिला कुनी वळखलं आसंल का?"

"पुसट होतं म्हणून तर तुझ्या रक्तानं तिला आत घेतलं, हौसा."

ती आपल्या काळ्याभोर गोंदणावरून बोट फिरवत राहिली. आक्कानं दिलेले ते कण आठवड्याभरात विरून गेले होते. हौसाच्या अंगात आज आक्काचं काहीही नाही, आहेत ती फक्त त्यानंतरची सगळी वर्षं.