बोर्ड खोलीत रुळेपर्यंत

बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या बाजूला आमची सोसायटी आहे. चार मजले, लिफ्ट नाही, आणि आमचं घर सगळ्यात वर. लग्न होऊन मी पार्ल्याला गेले त्याला बरीच वर्षं झाली, तरी तोंडात 'आमचं घर' हेच येतं. आई दिवाळीनंतर गेली. बाबा तिथे एकटे राहू लागले, आणि माझ्या धाकट्या भावाने, निलेशने, त्यांना मुलुंडला स्वतःकडे न्यायचं मनाशी पक्कं केलं.

त्याचं चुकत नव्हतं. बाबांना ऐकू येत नाही. तरुणपणी ते कापडगिरणीच्या साचाखात्यात होते. मागांच्या त्या खडखडाटात शेजारच्या माणसाशी ओठांवरून बोलायची पद्धत होती. गिरणी बंद पडल्यावर पार्ल्याच्या एका वाचनालयात शिपायाची नोकरी मिळाली. तिथे कोणी मोठ्याने बोलतच नसे, ओठ वाचून त्यांचं भागे, त्यामुळे कान गेलेत हे बरेच दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. त्या नोकरीने मला पुस्तकं दिली. बाबांना पुढे कानाची मशीन घ्यावी लागली. आई होती तोवर ते ती सकाळी आंघोळ झाली की घालत आणि झोपताना काढून डबीत ठेवत. आई गेल्यावर त्यांनी ती घालणंच सोडलं.

फेब्रुवारीत एकदा डाळ करपली. मजलाभर धूर झाला. समोरच्या लतावहिनी बेल वाजवून थकल्या, दार बडवलं, शेवटी त्यांच्याकडे ठेवलेल्या किल्लीने आत गेल्या, तर बाबा खिडकीशी खुर्चीत पार्काकडे बघत शांत बसलेले. वहिनींनी गॅस बंद केला, बाबांना चहा करून दिला आणि मग आम्हाला फोन केला. आधी चहा, मग फोन. ह्या क्रमासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे.

"ताई, आता बस झालं," निलेश म्हणाला. "मला काय हौस आहे का त्यांना घरातून उठवायची? पण उद्या काही झालं तर?"

"ते नाही म्हणतायत."

"ते ऐकतच नाहीत, तर हो-नाही कशाला म्हणतील? मशीन का घालत नाहीत विचार ना एकदा."

मी विचारलं होतं. बाबा अर्धं मालवणी, अर्धं मुंबईचं बोलतात. ते म्हणाले, "घर आराडता." घर ओरडतं. ज्या माणसाची बायको गेली आहे त्याला रिकामं घर ओरडतंय असं वाटलं, तर ते वाटणं खरंच असतं. मी मान डोलावली. मग निलेशला सांगितलं. आई नाही, मग ऐकायचं कोणाचं, असा अर्थ आम्ही दोघांनी लावला.

रविवारी गाडी घेऊन येतो, असं निलेशने जाहीर केलं तेव्हा मी त्याच्याकडून एक सवलत मागून घेतली. घर उन्हाळ्यात राहण्यासारखं करून बघू. स्लॅब तापतो, रात्री उशिरापर्यंत निखाऱ्यासारखा राहतो. एसी लावलेला बाबांना चालत नव्हता. मागे लावला तेव्हा म्हणाले होते, कानात परत साचाखातं सुरू झालं. निदान उकाड्याचं कारण तरी मधून जाऊ दे. बाकीचं नंतर बघू.

"बघ," निलेश म्हणाला. "पण रविवार म्हणजे रविवार."

मी संघमित्राला फोन केला. ही माझी कॉलेजची मैत्रीण. अंधेरीत तिचा इंटिरियरचा धंदा आहे, बरीचशी कामं डबिंगच्या स्टुडिओंची. आईच्या आजारपणात ती हॉस्पिटलमध्ये डबे घेऊन यायची आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता शेजारी बसायची. असं बसता येणारी माणसं फार थोडी.

ती आली, छताकडे बघितलं, गच्चीवर जाऊन आली.

"वॉटरप्रूफिंग नवीन आहे का गं?"

"मागच्या वर्षी सोसायटीने केलं."

"मग वाचलीस. ओल असती तर मी हात लावला नसता. हे बघ." तिने पिशवीतून एक तुकडा काढून माझ्या हातात दिला. खाकी रंगाचा, बोटभर जाड, टोस्टसारखा हलका. अंगठा दाबला की किंचित दबत होता. "लाकडाचे तंतू. कुजू नये, वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेलं असतं. आत सगळी हवा अडकलेली, म्हणून ऊन आत यायला वेळ लागतो. पट्ट्या मारून स्लॅबखाली हेच बसवू. थर्माकोल लावून देणारे पुष्कळ आहेत, पण तुझ्या बापाच्या डोक्यावर मी थर्माकोल लावणार नाही."

बोर्ड बुधवारी आले. ते उचलणाऱ्यांनी चौथ्या मजल्यापर्यंत शिव्या घातल्या. संघमित्राने ते बाहेरच्या खोलीत भिंतींना टेकवून, मध्ये छोट्या पट्ट्या घालून, चारी बाजूंनी उभे करायला लावले.

"ठोकणार कधी?" मी विचारलं.

"शनिवारी."

"अगं, रविवारी निलेश येतोय!"

"येऊ दे ना. हे फॅक्टरीतून आलेत. आधी तुमच्या घरची हवा पिऊ दे त्यांना. आज ठोकले तर पावसाळ्यात फुगतील, सांधे उघडतील, आणि मग तू मला शिव्या घालशील. रुळू दे यार."

बाबांनी पाहुणी आली म्हणून डबीतून मशीन काढून घातली होती. पाहुण्यांसमोर तेवढी ते अजूनही घालत. आलेल्या माणसाला मोठ्याने बोलायला लावणं त्यांना असभ्य वाटतं. संघमित्राने त्यांना काहीतरी विचारलं, त्यांनी चुकीचं उत्तर दिलं, तिने तेच बरोबर आहे असं मानून पुढे गप्पा मारल्या. त्यानंतर बोर्ड लावून ठेवायला तास गेला. ती निघून गेली.

मी त्या रात्री तिथेच राहणार होते. संध्याकाळी निलेशचा फोन आला तेव्हा मी बाहेरच्या खोलीत बाबांकडे पाठ करून, गॅलरीच्या दाराशी उभी होते. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलायची आम्हाला सवयच लागली होती.

"मी काय म्हणतो," निलेश म्हणाला, "त्यांना सांगायचंच नाही. चार दिवस राहायला चला म्हणू. एकदा आले की रमतील."

"नाही रे," मी हलक्या आवाजात म्हटलं. "त्यांना फसवून न्यायचं नाही."

मागून आवाज आला.

"कोणाक फसवूचा नाय गो?"

मी वळले. बाबा खुर्चीत बसून होते, चष्मा कपाळावर. फोनवर निलेश "हॅलो, हॅलो" करत होता. मी तो बंद केला.

"बाबा, तुम्हाला ऐकू आलं?"

"आराडतंस कित्याक?" ते म्हणाले. मी खरंच ओरडले होते. "मशीन घातलेला ता काढूचा रवला."

मी त्यांच्यापासून लांब, कोपऱ्यात गेले आणि तिथून अगदी साध्या आवाजात विचारलं, "भात लावू की भाकरी करू?"

"भात लाव. पण पातळ नको."

मग मी त्यांना हाताला धरून आतल्या खोलीत नेलं आणि तेच विचारलं. त्यांचा चेहरा लगेच आक्रसला. त्यांनी कानाशी हात नेला. परत बाहेर आणलं. चेहरा सुटला. ते बोर्डांच्या मधोमध उभे राहिले, चारी बाजूंना बघितलं, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलेल्या मांजरासारखे खूश दिसले. आई गेल्यापासून मी त्यांना तसं बघितलं नव्हतं.

मी संघमित्राला फोन लावला. ती रिक्षात होती.

"अगं, ते ऐकतायत. बोर्डांच्या मध्ये ऐकतायत."

तिने स्वतःला एक सणसणीत शिवी दिली. "दिवसभर स्टुडिओत मी हेच काम करते! तुझ्याकडे उकाड्यासाठी आले, तर डोक्यात फक्त उकाडाच. सुलू, त्या घरात काय काय होतं आधी? आई असताना?"

मी सांगायला लागले. दोन कापसाच्या गाद्या. पोटमाळ्यावर आणि पलंगाखाली गोधड्यांची गाठोडी. पडदे, आईने मशीनवर शिवलेले, डबल. कपड्यांच्या दांडीवर साड्या. तेराव्यानंतर मावशीने रीतीप्रमाणे अंथरूण-पांघरूण, कपडे देऊन टाकले. गोधड्या ज्याला हव्या त्याने आठवण म्हणून नेल्या. निलेशने बाबांना जरा बरं वाटावं म्हणून घराला रंग दिला, चकचकीत लाद्या बसवल्या. पडदे जुने झाले होते म्हणून मी पट्ट्यांचे ब्लाइंड लावले. प्रत्येकाने जे केलं ते मायेनेच केलं.

"बरोबर," ती म्हणाली. "आता ते घर नाही, तो डबा आहे. बोललेलं सगळं भिंतींवर आपटून परत येतं. तुझ्या-माझ्या कानाला ते गाळता येतं. मशीनला माणूस आणि भिंत वेगळी कळत नाही, ती सगळंच मोठं करते. काय म्हणाले होते ते?"

"घर ओरडतं."

"मग खरंच ओरडत होतं ना यार."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ भाताला पाणी घालायचं विसरून ओट्याशी उभी राहिले. दुःख समजून ज्याला आम्ही हात लावला नव्हता, त्यातलं काही नुसतं लाद्यांचं आणि भिंतींचं होतं. सगळं नव्हे. पण जेवढं होतं तेवढं तरी काढता येणार होतं, आणि ते आम्हाला योगायोगाने, लाकडं रुळायला ठेवली म्हणून कळलं. मला कोणाचे आभार मानावेत ते समजेना. मी भातात पाणी घातलं.

शनिवारी छत झालं. उरलेल्या बोर्डांत संघमित्राने आणखी थोडे मागवून दोन भिंतीही झाकल्या. दाराच्या बेलला तिने एक दिवा जोडला, बेल वाजली की खोलीत लुकलुकणारा. स्वयंपाकघरात धुराचा अलार्म बसवला, तोही त्याच दिव्याला जोडला. "बोर्ड म्हणजे जादू नाही," ती म्हणाली. "मशीन काढून बसले तर दिवाच कामाचा."

रविवारी निलेश आला. दिवा लुकलुकला आणि बाबांनी स्वतः उठून दार उघडलं. त्याला ते अनपेक्षित होतं. तो उंबऱ्यातच थांबला. मग त्याने भिंती बघितल्या.

"हे काय, पुठ्ठ्याचं घर? ताई, वरून ऑइलपेंट तरी मारून घेऊ. मी माणूस पाठवतो."

"नको. पेंटने त्याची भोकं बुजतात, मग आवाज परत आपटतो."

"म्हणजे असंच खाकी राहणार?"

"असंच राहणार."

बाबा आतून पाणी घेऊन आले. निलेशने पेला घेतला आणि मुद्द्यावर आला. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत, जसं आम्ही सगळे त्यांच्याशी बोलतो तसं. "बाबा. मुलुंडला. चला. तिथे. लिफ्ट आहे."

"हळू बोल," बाबा म्हणाले. "समोर लता झोपलेली आसतली. मी येवचंय नाय."

निलेश माझ्याकडे वळून पुटपुटला, "हट्टी म्हातारा आहे."

"हट्टी कोण ता तुझ्या आवशीक इचारूक व्हया होता," बाबा म्हणाले.

आई गेल्यापासून तिचा विषय त्यांनी आपणहून पहिल्यांदा काढला. निलेशने पेला खाली ठेवला. तो हसायला लागला आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. मग तो त्यांच्या शेजारी बसला आणि ते दोघं बोलत राहिले: गाडीचं इंजिन, नातवाचं क्रिकेट, पार्कातून गच्चीवर येणारी माकडं. निलेशचा आवाज हळूहळू उतरत त्याच्या नेहमीच्या आवाजापर्यंत आला. शेवटी तो गॅलरीत जाऊन बायकोला फोनवर म्हणाला, "नाही गं, एकटाच येतोय. ठीक आहेत ते. आता रोज फोन करायचा, उचलतील."

तो गेल्यावर मी भांडी आवरली. निघायची वेळ झाली होती, पण बाबांनी मला समोर बसायची खूण केली.

"हास्पिटलात, त्या दिवसा, ती काय बोलली गो?"

मला कळलं कोणता दिवस ते. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला होते. मशिनींचे बीप, नर्सची धावपळ, आईच्या तोंडावर मास्क.

"माका काय आयकूक येय नाय," ते म्हणाले. "मी नुसती मान हलयलंय."

इतके महिने ते हे घेऊन बसले होते, आणि विचारलं असतं तरी उत्तर ऐकू आलं नसतं.

"मास्क बाजूला करून म्हणाली," मी सांगितलं. "'जल्मभर आराडान बोललंय. आता हळू बोलतंय. आयकूचा तर आयका.'"

बाबांनी डोळे मिटले. मग त्यांचे खांदे हलू लागले. ते हसत होते. त्यात दुसरंही काही होतं, पण हसत होते हे नक्की.

"आणि मी मान हलयलंय," ते म्हणाले.

"हो. तिला बरं वाटलं त्याने."

खालच्या रस्त्यावरून भाजीवाल्याची हाक आली, खाकी भिंतींनी ती अर्धीच आत येऊ दिली.

मग त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "आणि तू? तू काय बोललंस तिका?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं. फॉर्म कुठला भरायचा, कोणाला कळवायचं, जेवण कोण करणार, हे सगळ्यांनी विचारलं होतं.

"काहीच नाही, बाबा. वेळच नाही मिळाला."

त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली, कानामागे मशीन बोटाने नीट बसवली.

"मगे आता सांग," ते म्हणाले. "माका सांग."

मी बोलायला लागले.