सहावं स्टिकर

क्रॉसबोचे काळे बाण गवतात हरवायचे, म्हणून सुताराने बाणांच्या शेपटीकडे गुंडाळायला सहा नारिंगी, नक्षीदार स्टिकर आणले. पहिलं तिरकं बसलं. दुसऱ्यात फुगे आले. पुढची दोन सोलून काढताना फाटली. पाचवं अंगठ्यालाच चिकटलं, तेव्हा मात्र त्याचं डोकं सणकलं.

"दरवाजे केसभरही न चुकता बसवतो मी, आणि हा चिटोरा मला जुमानत नाही!"

बायको म्हणाली, "अहो, चिकट बाजू वर करून स्टिकर टेबलावर ठेवा आणि बाण त्यावरून लाटण्यासारखा फिरवा."

सहावं अगदी सरळ बसलं.

"हे मघाशी सांगायला काय झालं होतं?" तो खेकसला.

"तुम्ही विचारलंत कुठे?"

तो चपला अडकवून धुसफुसत पुन्हा स्टिकरच्या दुकानाकडे निघाला.