सिनेमात जाऊन आलेला स्वेटर

मी स्वेटर बोलतोय. पुढे बटणं असलेला, शेवाळी रंगाचा, कोपरावर जरा विरलेला. तुम्ही मला पाहिलंय. पडद्यावर, चांगला भिंतीएवढा! ज्या सिनेमाला तुम्ही रुमाल ओले करून बाहेर आलात ना, त्यातल्या भोळ्या बापाच्या अंगात मीच होतो. पण त्याचं कौतुक पुरे झालं. सिनेमात मी जेमतेम एक हिवाळा होतो. बाकीचा जन्म ज्याच्या अंगावर काढला, त्याला तुम्ही ओळखत नाही. त्याचं सांगायला बसलोय.

मला विणलं ताईने, धाकट्या भावासाठी. विणता विणता ती एकटीच बडबडायची. "हात तरी केवढे लांब मेल्याचे! लोकर पुरतेय की नाही देव जाणे." भाऊ जन्मापासूनच बुद्धीने थोडा मागे. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलं होतं, ते ताईला कधी नीट उच्चारता आलं नाही. ती म्हणायची, "त्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते, एवढंच. पण एकदा डोक्यात बसली की जन्मात विसरत नाही."

लहानपणी गल्लीतली पोरं त्याला घेरायची आणि म्हणायची, "ए, वेड्यासारखं करून दाखव!" तो दाखवायचा. डोकं बडवून, गरगर फिरून, भोकाड पसरून दाखवायचा. पोरं पोट धरून हसायची आणि मग त्याला खेळायला घ्यायची. ताईला हे आठवलं की सुया जोरात चालायच्या. माझ्या पाठीची वीण घट्ट आहे ती त्यामुळेच.

मोठेपणी तो हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका लॉन्ड्रीत घड्या घालायला लागला. तिथे सगळे त्याला 'सावकाश' म्हणायचे. मुकादम दिवसभर ओरडायचा, "अरे, सावकाश कुठे गेला? सावकाशला बोलवा लवकर!" आणि मग स्वतःच हसायचा. पण चादरीची कड कडेला मिळवावी ती सावकाशनेच. मी त्याच्या अंगात असायचो, गरम वाफेत आम्ही दोघं उकडून निघायचो. बरे दिवस होते ते.

तिथेच इस्त्रीवर काम करणारी एक बाई त्याला आवडली. तिलाही तो आवडला. ताईने लग्न लावून दिलं तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. पुढे मुलगी झाली, तेव्हा तर बोटं घालायला तोंडं पुरेनात. मुलगी गोरीगोमटी, धडधाकट, आणि एका जागी म्हणून ठरायची नाही. तिला सगळे भिंगरी म्हणू लागले.

भिंगरी दोन वर्षांची होते न होते तोच तिची आई तापाने गेली. साधा ताप वाटला होता हो. आठवड्याभरात होत्याचं नव्हतं झालं.

आणि मग कुणीतरी कचेरीत जाऊन सांगून आलं. मुलांची देखभाल नीट होते की नाही हे बघणारी एक कचेरी असते. "बाप हा असा, आई नाही, पोरीचं कसं व्हायचं?" असं सांगणाऱ्याच्या पोटात खरंच कळवळा होता की नुसतीच खोडी, मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून कचेरीतल्या बाई अधूनमधून यायला लागल्या. भांड्यांवरची झाकणं उघडून बघायच्या, भिंगरीची नखं बघायच्या. बाई वाईट नव्हत्या. जाताना एवढंच म्हणायच्या, "आत्ता सगळं ठीक आहे. पण उद्या काही झालं, तर मला मुलीला इथून हलवावं लागेल."

हे वाक्य सावकाशच्या डोक्यात बसलं. आणि एकदा बसलं की काय, ते मी वर सांगितलंच. गॅस बंद केला तरी तो पुन्हा जाऊन हात लावून बघायचा. दूध आधी स्वतःच्या मनगटावर टाकून मग पोरीला द्यायचा. वेणी मात्र त्याला जमेना. मग ताईकडे जाऊन बसला आणि माझ्याच बाहीच्या सुटलेल्या लोकरीवर पेड घालायला शिकला. ताईने अख्खा भाऊ माझ्या भरवशावर सोडला होता म्हणा ना! तिच्या घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, तिला रोज येणं जमायचं नाही.

अशात एक दिवस तो नट आला.

मोठा नट. लॉन्ड्रीतल्या बायका मशिनं सोडून बघायला धावल्या. त्याला म्हणे अशाच एका बापाचं काम करायचं होतं, म्हणून खरा बाप जवळून बघायचा होता. ताईला आधी ते पटेना. मग तिनेच मनाशी हिशेब केला. "येऊ दे. एवढा मोठा माणूस ओळखीचा झाला, तर उद्या कुणी पोरीला हात लावायला धजणार नाही." नटसाहेबांनी तर छातीवर हात ठेवून सांगितलं, "ताई, काळजीच करू नका. मी आहे ना."

माणूस गोड होता, खोटं कशाला बोलू? भिंगरीला खांद्यावर घेऊन नाचायचा. पण दोन-चार दिवस बसून तो कंटाळला. सावकाश उठायचा, दूध तापवायचा, वेणी घालायचा, पोरीला शेजारच्या बालवाडीत सोडून कामावर जायचा. साहेब बरोबर आणलेल्या कॅमेरावाल्याच्या कानात पुटपुटले, "इतकं सुरळीत चाललं तर सिनेमा कसा व्हायचा रे?"

मग त्यांनी विचारलं, "दादा, तुम्ही कधी घाबरता का हो?"

"हो."

"मग काय करता?"

"ताईला हाक मारतो."

साहेबांचा चेहरा पडला. "तसं नाही. समजा, दूध उतू जातंय, पोरगी रडतेय आणि तुम्हाला काही म्हणजे काही सुचत नाहीये. तसं जरा करून दाखवा ना."

"खोटं खोटं?"

"हो, हो. खोटं खोटं."

"दूध वाया जाईल. चालेल?"

"चालेल हो!"

सावकाशने भिंगरीला सांगितलं, "तू रड." ती आधी खुदकन हसली आणि मग असं काही भोकाड पसरलं की विचारू नका. दूध फसफसून वर आलं. आणि सावकाशने दोन्ही हातांनी कपाळ बडवून घेतलं, त्या एवढ्याशा खोलीत गरगर फिरला, भिंतीला टेकत टेकत खाली घसरला आणि धाय मोकलून रडला. मी त्याच्या अंगात होतो म्हणून सांगतो, आतून तो अगदी कोरडा होता. छाती शांत होती. त्या खोलीत त्या दिवशी खरा नट एकच होता, आणि त्याचं नाव कुठल्याच पाटीवर नव्हतं.

साहेबांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सावकाश उठला, गॅस बंद केला, फडकं घेऊन शेगडी पुसायला लागला. "झालं? बरं जमलं का?" भिंगरी टाळ्या पिटत होती, "बाबा, परत! परत कर ना!"

जाताना साहेबांनी मलाही मागून नेलं. "असाच स्वेटर हवा. परत पाठवतो." मग माझी सिनेमातली चैन सुरू झाली. दिवे, अत्तर, रोज इस्त्री. तिथल्या कपडेवालीने माझं एक बटण मुद्दाम खाली सरकवून शिवलं, म्हणजे मी अंगात कायम वाकडा बसेन. मी परत आलो तेव्हा ताईने ते पाहिलं आणि तिची तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या भावाला बटणं लावता येतात!" तिथल्या तिथे ते उसवून तिने जागेवर लावलं.

सिनेमा लागायच्या आधी जिकडेतिकडे एक तुकडा दाखवायला लागले. टीव्हीवर, लोकांच्या मोबाइलवर. वर लिहिलं होतं, 'हाच तो खरा बाप'. उतू जाणारं दूध, रडणारी पोर, भिंतीशी कोसळलेला सावकाश. बस, तिथेच तुकडा संपायचा. तो उठून गॅस बंद करतो, ते कापून टाकलेलं. लोक हळहळले. कचेरीतल्या बाईंनीही तो पाहिला.

लगेच कचेरीच्या समितीपुढे बोलावणं आलं. ताईने साहेबांना फोन लावला. एकदा, दोनदा, कितीदा तरी. शेवटी त्यांच्या माणसाने उचलला. "साहेब परदेशात आहेत. निरोप देतो." निरोप दिला की नाही कुणास ठाऊक. साहेब आले नाहीत.

समितीची खोली स्वच्छ, टेबल लांब, पलीकडे तिघं जण. सावकाशने मला घातलं होतं, बटणं गळ्यापर्यंत. टेबलावर तो तुकडा लावला.

"हे तुम्हीच ना?"

"हो, मीच."

"काय झालं होतं तेव्हा?"

"साहेब म्हणाले, करून दाखव. मी दाखवलं."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ताई मध्येच म्हणाली, "अहो, नाटक होतं ते! याला लहानपणापासून येतं." पण तिला विचारलं, तुम्ही तिथे होतात का? ती नव्हती. मी होतो, पण मला कोण विचारतंय! मग भिंगरीला आत आणलं आणि कचेरीतल्या बाईंनी मायेने विचारलं, "बाळा, बाबा असे रडले, तेव्हा तू काय केलंस?"

"मी टाळ्या वाजवल्या."

"आणि त्याच्या आधी?"

"मी पण रडले. बाबा म्हणाला, रड."

पोरीने एक अक्षर खोटं सांगितलं नाही. आणि तिच्या प्रत्येक शब्दागणिक त्या तिघांचे चेहरे उतरत गेले.

मधले टक्कलवाले गृहस्थ सज्जन होते. त्यांना संधी द्यायची होती. म्हणाले, "हे पाहा, ते नाटक होतं ना? मग आम्हालाही करून दाखवा. म्हणजे आमची खात्री पटेल."

सावकाश उठला. त्याला हायसं वाटलं, मला जाणवलं ते. हे तर त्याला येत होतं! त्याने कपाळ बडवायला सुरुवात केली, गरगर फिरला. भिंगरीला खेळ कळला, तिने टाळ्या वाजवल्या. तशा बाई चटकन उठल्या. "लेकरासमोर नको हे." त्यांनी पोरीचा हात धरला आणि तिला दाराबाहेर नेलं.

ते सावकाशने पाहिलं. आणि खोटं तिथेच संपलं. मी पाठीवर एका क्षणात चिंब झालो. छाती अशी धडधडायला लागली की माझी बटणं हलत होती. "भिंगरी! भिंगरीला कुठे नेताय?" तो खरंच भिंतीशी कोसळला, खरंच रडला, आणि ताईने कितीही हाका मारल्या तरी थांबेना. अगदी त्या तुकड्यासारखा. रतीभर फरक नाही.

समितीची खात्री पटली.

ताई मुलीला घेईन म्हणाली, पदर पसरला तिने. पण "तुमच्यावर आधीच एक आजारी माणूस आहे," असं म्हणाले. गाडी आली, तेव्हा सावकाशने मला अंगातून काढलं आणि भिंगरीला गुंडाळलं. "गाडीत गार लागेल," एवढंच म्हणाला.

तेव्हापासून मी तिच्याबरोबर मुलांच्या आश्रमात आहे. ती मला पांघरून झोपते. सिनेमा खूप चालला, असं इथल्या बायका बोलतात. साहेबांना बक्षीस मिळालं, त्यांनी व्यासपीठावरून 'त्या खऱ्या बापाचे' आभार मानले. नाव आठवेना त्यांना, पण आभार मानले. आणि सिनेमात शेवटी पोरगी परत मिळते बरं का. त्याशिवाय लोक समाधानाने घरी कसे जाणार?

महिन्यातून एकदा सावकाशला भेटीला येऊ देतात. एक बाई कोपऱ्यात बसून बघत असतात. परवा तो आला, खुर्चीवर ताठ बसला. चेहरा पाटीसारखा कोरा. भिंगरी मला घालून आली होती, बाह्या दुमडून दुमडून. ती त्याच्या मांडीला बिलगली. "बाबा, ती गंमत करून दाखव ना. ती रडायची."

"नाही," तो हळूच म्हणाला. "आता बाबा काही दाखवत नाही."

ही गोष्टही डोक्यात बसली त्याच्या. रडलं की पोर नेतात. तो हसलाही नाही, तिला कवटाळलंही नाही. ती निघताना नुसती मान हलवली. कोपऱ्यातल्या बाई भिंगरीला न्यायला आलेल्या दुसरीला म्हणाल्या, "बघितलंस? ओढच नाही गं काही. पुढच्या भेटी कमी केल्या तरी चालतील."

बाई, तुम्ही टेबलाच्या वरूनच बघत होतात. टेबलाखाली त्याने माझी कड धरली होती. बोट वळवून, लोकरीत रुतवून, असं धरलं होतं की पोरगी उठून गेली तेव्हा माझा टाका तटकन तुटला. तिथे आता भोक पडलंय, भिंगरीची दोन बोटं जातील एवढं. रोज निजताना ती तिथे बोटं घालून ठेवते.

काल धुणं वाळत घालताना इथल्या मावशींना ते दिसलं. "अगं बाई, उसवतोय हा. उद्या शिवून टाकते," म्हणाल्या.

मावशी, हात जोडतो. ते तेवढं शिवू नका.