गुलाबी चकाकीचा मासा

वन्सं शाळेची बस चालवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी तळ्यावर गळ टाकून बसायच्या. बसच्या पायरीवरून घसरून पाय मोडला, गुडघ्यापर्यंत प्लास्टर चढलं आणि दोन्ही बंद झालं. मुक्काम भावाकडे हलला. आल्या दिवसापासून त्या खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्यांचा उद्धार करत होत्या. "अरे, इंडिकेटर काय शोभेला दिलाय?"

त्यांच्या भावजयीला पोस्टमनपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळी गल्ली वहिनीच म्हणायची, म्हणून वन्संही म्हणायच्या. वहिनीचं पुढच्या खोलीत नखं रंगवायचं दुकान होतं. आतून ओरडा आला की तिचा ब्रश दचकायचा आणि गिऱ्हाइकाचं अख्खं बोट रंगायचं. शेवटी तिनं वन्संची गळाची पेटी माळ्यावरून काढून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"हे बघत बसा. रस्त्याकडे नको."

पेटीत छोटे छोटे नकली मासे होते, पोटाखाली तीन-तीन काट्यांचे गळ लोंबणारे. वहिनीनं एक उचलून उजेडात धरला.

"हे असं रंगवतात? मी पायाचा अंगठा याच्यापेक्षा बरा रंगवते."

"मग रंगव की."

"रंगवते. मासा द्या."

"आयता कशाला? बनव!"

झालं. बोलता बोलता दोघी पेटल्या. फरशी पुसायच्या मॉपचा दांडा कापला गेला. वन्सं पाय स्टुलावर टाकून चाकूनं तासायच्या आणि वहिनी नखांच्या कानशीनं घासायची. पहिला मासा झाला. म्हणजे, मासा म्हणायला धाडस लागत होतं.

"गाजर आहे," वन्सं म्हणाल्या.

अंघोळीच्या टबात सोडला, तर तो उलटा होऊन पोट वर करून तरंगला.

"गेला बिचारा," वहिनी म्हणाली. "आजारी होता का हो?"

दुसऱ्याच्या पोटात त्यांनी शिशाचे छर्रे ठासून भरले. तो बुडुक करून तळाशी गेला आणि तिथंच राहिला. तेवढ्यात वहिनीचा नवरा चष्म्याच्या दुकानातून दमूनभागून घरी आला. बघतो तर टबाशी बायको गुडघ्यावर, बहीण खुर्चीत, आणि दोघी पाण्यात टक लावून.

"मला अंघोळ करायचीय."

"उद्या कर," बहीण म्हणाली. मान वळवायचे कष्टही तिनं घेतले नाहीत.

वन्संना माशाची चाल ठाऊक होती, लाकडात ती कशी आणायची हे ठाऊक नव्हतं. दोघी चुकत चुकत शिकल्या. छर्रे थोडे हवेत, आणि पोटाच्या अगदी खालच्या बाजूला. तोंडाखाली पारदर्शक पट्टीचा ओठ हवा, म्हणजे ओढताना त्यावर पाणी आपटून मासा डोलतो. ओठासाठी वहिनी थेट नवऱ्याच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

"एक काच द्या ना. प्लास्टिकची."

"नंबर कुणाचा?"

"माशाचा."

त्यानं चरा पडलेली एक काच उचलली आणि गुपचूप मशीनवर घासून नखाएवढा सुबक ओठ करून दिला. देताना मात्र म्हणाला, "येड्या झालात दोघी."

त्या संध्याकाळी वहिनीनं दोरा बांधून नवा मासा टबात ओढला. मासा कलला, सावरला, शेपूट हलवत सुळसुळत निघाला.

"वन्सं! डोलतोय! अहो, डोलतोय!"

वन्संनी अशी किंकाळी फोडली की बाहेरची गिऱ्हाईक बाई ओल्या नखांवर फुंकर मारत आत धावली. मग तिघींनी मिळून तो मासा इकडून तिकडे इतका ओढला, की टबात पाणी कमी आणि फरशीवर जास्त झालं.

रंग वहिनीच्या हातचा होता. गुलाबी, त्यावर चकाकी, डोळ्यांच्या जागी नखांवर लावायचे खडे, आणि सगळं नखं वाळवायच्या दिव्याखाली टणक केलेलं.

"अशा रंगाचा मासा जगात नसतो गं."

"तेच तेच मासे बघून त्यांनाही कंटाळा आला असेल."

रविवारी नवऱ्यानं दोघींना तळ्यावर नेलं. वाटेत बहिणीनं त्याचं प्रत्येक वळण चुकीचं ठरवलं, त्यामुळे गाडी थांबताच तो चहा आणायला पळाला. घडीच्या खुर्चीत बसून वन्संनी गळाची काठी वहिनीच्या हातात दिली. "रंगवलास तू, टाक तू."

वहिनीनं जोर लावून काठी मागे नेली आणि शेजारच्या माणसाची टोपी त्याच्या डोक्यावरून उडाली. माफी मागून, टोपी सोडवून, तिनं पुन्हा टाकला. गुलाबी ठिपका लांब पाण्यात पडला. ती फिरकी फिरवून दोरी गुंडाळू लागली. एक हिसका बसला. काठी वाकली.

"वन्सं! काय करू?"

"ब्रेक मारू नकोस! सैल सोड! हळू, वळतोय तो, वळू दे! आता घे!" वन्सं हातात नसलेलं स्टिअरिंग फिरवत ओरडत होत्या.

पाणी फुटलं. हातभर लांबीचा मासा उसळून वर आला, तोंडात ती गुलाबी चकाकी लखलखत होती. काड्कन दोरी तुटली.

वहिनी हलक्या झालेल्या काठीकडे बघत राहिली. मग वन्संकडे वळली.

"वन्सं, त्याला खरा वाटला."

वन्संच्या तोंडून आधी नुसती फुस्स हवा निघाली. मग त्या जे हसत सुटल्या, ते खुर्ची कलंडेपर्यंत. सावरायला गेलेली वहिनी त्यांच्यासकट गवतात बसली. "खरा वाटला!" एक म्हणायची. "त्या येड्याला खरा वाटला!" दुसरी म्हणायची, आणि पुन्हा दोघींचा श्वास अडकायचा.

नवरा कागदी कप सांभाळत आला.

"मिळाला का काही?"

वहिनीनं मान डोलावली.

"कुठाय?"

वन्संनी पाण्याकडे बोट दाखवलं. "गेला. आपला मासा खाऊन गेला!"

तो तळ्याकडे बघत घसा खाकरून म्हणाला, "पुढच्याची शेपूट मी करू का? दुकानात एक पातळ काच पडलीय."

चहा निवत होता. कप घ्यायला दोघींचाही हात मोकळा नव्हता, दोघी पोट धरून बसल्या होत्या.